कुलरचा स्क्रू अडला तर आधी ताण उतरवा, मग जोर लावा

संगणक तापतो आहे, पंखा सतत घरघरतो आहे, थर्मल पेस्ट वाळली असणार हे लक्षात आले आहे. म्हणून प्रोसेसरवरचा कुलर काढायला घेतला. तीन स्क्रू सरळ सुटले आणि चौथा जागचा हलत नाही. घरच्या घरी संगणकाची निगा राखणाऱ्यांना ही अडचण कधी ना कधी येतेच, आणि अशा वेळी पहिल्या दोन-चार मिनिटांत आपण काय करतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते. हाताला लागेल तो स्क्रू ड्रायव्हर त्याच खाचेत घालून पुन्हा पुन्हा नेट लावला, तर प्रत्येक घसरणीबरोबर खाच झिजत जाते. सुरुवातीला योग्य टोकाने सहज सुटला असता असा स्क्रू शेवटी ड्रिल मारल्याशिवाय निघत नाही.

म्हणून पहिला नियम: ड्रायव्हर एकदा घसरला की थांबा. दुसरा नियम: नुकसान कशाचे चालेल, हे काम सुरू करण्याआधीच ठरवा. स्क्रू काही रुपयांचा, प्रोसेसरबरोबर मिळालेला कुलर काहीशे रुपयांचा, मदरबोर्ड आणि प्रोसेसर हजारो रुपयांचे. त्यामुळे काही गमवायचीच वेळ आली तर क्रम असा: आधी स्क्रू, मग कुलर, मग बोर्डामागची बॅकप्लेट. बोर्ड आणि प्रोसेसर यांना ओरखडाही उठता कामा नये. पुढे सांगितलेल्या सगळ्या युक्त्या याच क्रमाने लावल्या आहेत. वरची युक्ती नीट करून पाहिल्याशिवाय खालच्या युक्तीकडे जाऊ नका.

आत नेमके काय आहे?

उदाहरण म्हणून एएमडीच्या एएम४ सॉकेटचा संगणक घेऊ. २०१७ पासून आलेल्या पहिल्या काही पिढ्यांचे रायझन प्रोसेसर या सॉकेटवर बसतात आणि आपल्याकडच्या घरांत, छोट्या ऑफिसांत असे संगणक आजही भरपूर आहेत. यातल्या अनेक प्रोसेसरबरोबर ‘रेथ स्टेल्थ’ नावाचा गोल, बुटका कुलर येतो. त्याला चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतात आणि प्रत्येक स्क्रूभोवती स्प्रिंग असते. मदरबोर्डाच्या मागच्या बाजूला धातूची बॅकप्लेट असते. तिच्या चार पोकळ, आटे पाडलेल्या नळ्या बोर्डाच्या भोकांतून वर आलेल्या असतात. कुलरचे स्क्रू या नळ्यांत फिरतात.

या स्क्रूचे माप ६-३२ असते. म्हणजे दांड्याचा व्यास सुमारे ३.५ मिलिमीटर आणि एका इंचात ३२ आटे. एका पूर्ण फेऱ्यात असा स्क्रू जेमतेम ०.८ मिलिमीटर वर येतो. स्क्रूच्या डोक्याखालची दाबलेली स्प्रिंग त्याला सतत वर ढकलत असते, त्यामुळे स्क्रूचे आटे नळीच्या आट्यांवर खालून ताणलेले राहतात. कुलर प्रोसेसरवर घट्ट टेकतो तो या ताणामुळे, आणि स्क्रू अडतो तेव्हाही बहुतेकदा दोष याच ताणाचा असतो.

इंटेलच्या संगणकात मात्र आधी खात्री करून घ्या की तुमच्यासमोर स्क्रूच आहे. २००४ मधल्या एलजीए ७७५ सॉकेटपासून इंटेलच्या स्वतःच्या कुलरला सहसा स्क्रू नसून प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यांच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो आणि चपट्या ड्रायव्हरसाठी खाच असते. बाणाच्या दिशेने फक्त पाव फेरा द्यायचा आणि खुंटी सरळ वर ओढायची. स्क्रू समजून ती गोल गोल फिरवत बसणारे पुष्कळ जण आहेत, आणि तुटलेल्या खुंट्या हा त्याचा परिणाम असतो.

अडचण तीनपैकी कोणती?

‘स्क्रू निघत नाही’ या एका तक्रारीखाली तीन वेगवेगळ्या अडचणी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

पहिली: ड्रायव्हर खाचेत नीट बसतो, पण स्क्रू फिरतच नाही. इथे आटे जाम झालेले असतात.

दुसरी: ड्रायव्हर फिरतो, स्क्रू फिरत नाही, खाचेतून धातूचा चुरा निघतो. इथे डोके गोल झाले आहे.

तिसरी: स्क्रू गोल गोल फिरतो पण वर येत नाही. इथे पुन्हा दोन शक्यता आहेत. या कुलरचे स्क्रू कुलरमध्येच अडकवलेले असतात. ते सुटल्यावरही कुलरमधून बाहेर येत नाहीत, नुसते फिरत राहतात. स्प्रिंग पूर्ण मोकळी झाली असेल आणि डोके बोटाने थोडे वर-खाली हलत असेल, तर तो स्क्रू कधीच सुटला आहे. कुलर निघत नाही तो फक्त वाळलेल्या पेस्टमुळे. पण स्प्रिंग अजून दबलेली असेल आणि तरी स्क्रू फिरत असेल, तर मागची नळीच बॅकप्लेटमधून सैल होऊन स्क्रूबरोबर फिरते आहे. मागून पाहिले की हे लगेच दिसते.

ही तपासणी एका मिनिटाची आहे, पण ती न करता पक्कड आणि ड्रिल हाती घेऊ नका.

तयारी

संगणक बंद करा, भिंतीवरच्या बोर्डातून वायर काढा आणि मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट टेबलावर आडवे झोपवा. उभ्या कॅबिनेटमध्ये आडव्या स्क्रूवर सरळ दाब देता येत नाही आणि ड्रायव्हर घसरला तर थेट बोर्डावर जातो. काम सुरू करण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे जास्त महत्त्वाचे आहे.

पंख्याची वायर काढा. ग्राफिक्स कार्ड आड येत असेल तर तेही काढून ठेवा. कॅबिनेटची मागची बाजूही उघडा. बहुतेक कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या मागे पत्र्यात मोठी खिडकी ठेवलेली असते आणि तिच्यातून बॅकप्लेटला हात पोहोचतो. अशी खिडकी नसेल तर मदरबोर्डच बाहेर काढा आणि बॅकप्लेटखाली लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून बोर्ड टेबलावर ठेवा. वरून दाब देताना खाली आधार नसेल तर बोर्ड वाकतो. आतल्या तांब्याच्या बारीक रेषांना आणि चिपांखालच्या सोल्डरला ते सोसत नाही.

ताण उतरवा

स्क्रू जाम होण्याचे सगळ्यात सामान्य कारण गंज नाही. बाकीचे तीन स्क्रू आधी पूर्ण सोडून टाकणे हे ते कारण आहे. तीन कोपरे मोकळे झाले की चौथ्या स्क्रूची स्प्रिंग कुलरचा तो एकच कोपरा खाली खेचते, कुलर तिरपा होतो आणि स्क्रूचा दांडा नळीत वाकडा अडकतो. एका बाजूने ओढलेला टेबलाचा ड्रॉवर जसा तिरपा होऊन अडतो, तसेच हे होते. इथे जोर वाढवला तर अडकणेही वाढते.

म्हणून उलटे जा. सुटलेले तिन्ही स्क्रू पुन्हा दोन-तीन फेरे लावा. कुलर सपाट बसला की चौथा स्क्रू पुन्हा करून पाहा. पुष्कळदा तो एवढ्यानेच सुटतो. सुटला की चारही स्क्रू फुलीच्या क्रमाने सोडवा: एक स्क्रू एक फेरा, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला एक फेरा, मग उरलेले दोन.

पण चारही सोडवण्याआधी पेस्टही मऊ करून घ्या. चारही स्क्रू नीट लागलेले आणि पंख्याची वायर पुन्हा जोडलेली असताना संगणक दहा-पंधरा मिनिटे एखाद्या जड कामावर चालवा, मग बंद करून वायर काढा आणि कुलर कोमट असतानाच काम करा. तीन स्क्रू सुटलेले असताना संगणक चालू करू नका. प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करेल किंवा बंद पडेल, आणि त्यात फायदा काहीच नाही.

योग्य टोक, योग्य दाब

फुलीच्या स्क्रूचे पेटंट अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये मिळाले आणि मोटारींच्या कारखान्यांनी तो पटकन उचलला. ड्रायव्हरचे टोक त्यात आपोआप मध्यावर बसते, त्यामुळे जुळणीच्या रांगेवर तो चपट्या खाचेच्या स्क्रूपेक्षा कितीतरी वेगाने लावता येतो. पण याच रचनेत त्याचे दुखणेही आहे. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. फिरवण्याचा जोर वाढला की त्यातला काही भाग टोकाला वर ढकलतो, टोक बाहेर येते आणि येताना खाचेच्या कडा खरवडून जाते.

म्हणून दोन गोष्टी सांभाळा. पहिली, माप. रेथ स्टेल्थसारख्या कुलरच्या स्क्रूला ‘पीएच २’ मापाचे टोक लागते. मोबाइल-लॅपटॉपच्या छोट्या किटमधले पीएच ० किंवा पीएच १ टोक खाचेत जाते, फिरल्यासारखेही वाटते, पण ते फक्त तळाशी टेकते आणि भिंतींना धरत नाही. टोक खाचेत ठेवून डावी-उजवीकडे हलवून पाहा. डुगडुगले तर ते माप नव्हे. टोकाच्या कडा गोल झाल्या असतील तर नवा ड्रायव्हर आणा. मुठीत भरेल अशा जाड दांड्याचा, चांगल्या पोलादाचा एक पीएच २ ड्रायव्हर हा या सगळ्या कामातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे.

दुसरी, दाब. ड्रायव्हर स्क्रूला बरोबर काटकोनात उभा धरा. तळहाताने आधी खाली दाबा, दाब कायम ठेवा आणि मग फिरवा. बळाचा मोठा वाटा दाबण्यात आणि थोडा वाटा फिरवण्यात, असे प्रमाण ठेवा. या दाबाने दुहेरी काम होते: टोक बाहेर येत नाही आणि स्प्रिंग दबल्यामुळे आट्यांवरचा ताणही उतरतो. दुसऱ्या कुणाला मागून बॅकप्लेट धरायला सांगा.

हळूहळू वाढवलेल्या जोरापेक्षा एक छोटा, ठाम हिसका जास्त उपयोगी पडतो, कारण थांबलेल्या आट्यांचे घर्षण फिरत्या आट्यांपेक्षा जास्त असते. स्क्रू एकदा सुटला की पुढचे फेरे सहज होतात. तरीही हलला नाही तर आधी अगदी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवा आणि लगेच उलटा. दोन्हीकडच्या या हालचालीने आट्यांत धरलेला गंज किंवा मळ तुटतो.

हातोडीने ड्रायव्हरवर ठोकणे हा गॅरेजमधला उपाय मदरबोर्डावर कधीही करू नका. ठोके देऊन फिरवणारे विजेचे ‘इम्पॅक्ट’ यंत्रही नको.

डोके गोल झाले असेल तर

रेथ स्टेल्थच्या स्क्रूची डोकी कुलरमधून वर आलेली असतात, त्यामुळे ती बाजूने पकडता येतात. म्हणून खाचेशी झगडत बसण्यापेक्षा आधी पक्कड आठवा. जबडा घट्ट अडकून राहणारी लॉकिंग पक्कड, जिला गॅरेजमध्ये व्हाइस ग्रिप म्हणतात, डोक्याच्या कडेवर पक्की बसवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने थोडी थोडी फिरवा. एका वेळी पाव फेरा झाला तरी पुरे. स्क्रू काढण्यासाठीच बनवलेल्या पकडीही मिळतात. त्यांच्या जबड्याच्या टोकाला उभे दाते असतात, त्यामुळे गोल डोके त्यांच्यातून घसरत नाही. जपानच्या ‘इंजिनिअर’ कंपनीची ‘नेजीसॉरस’ ही पक्कड याच कामासाठी प्रसिद्ध आहे. पंखा कुलरपासून सुटा होत असेल तर आधी काढा, म्हणजे पकडीला जागा मिळेल.

पक्कड पोहोचत नसेल आणि खाच थोडीच झिजली असेल, तर रुंद रबर बँडचा तुकडा खाचेवर ठेवून त्यावरून ड्रायव्हर दाबा. रबर रिकाम्या जागेत भरते आणि पकड वाढते. हा उपाय हलक्या झिजेवरच चालतो. खाचेचा पार खड्डा झाला असेल तर रबर नुसते फाटते.

याहून जास्त परिणामकारक वस्तू गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते: इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट. तिच्यातले कठीण, खरखरीत कण टोक आणि खाच यांच्यामध्ये रुततात आणि घसरणे थांबवतात. टूथपिकच्या टोकाएवढी पेस्ट खाचेत लावा, त्याहून जास्त नको. स्क्रू निघाला की डोके पुसून घ्या आणि ही पेस्ट प्रोसेसरच्या जवळपासही जाऊ देऊ नका. तिचे कण प्रोसेसरच्या झाकणावर ओरखडे पाडतात.

गंज असेल तर

मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथल्या खाऱ्या, दमट हवेत स्क्रूवर खरोखरच गंज धरतो. खिडकीजवळ ठेवलेल्या, चार-पाच पावसाळे काढलेल्या कॅबिनेटमध्ये तो हमखास दिसतो. डोक्यावर तांबूस डाग दिसले तर गंज सोडवणाऱ्या तेलाची मदत घ्या, पण फवारा बोर्डावर कधीही मारू नका. तेल एका झाकणात काढा आणि सुईच्या किंवा टूथपिकच्या टोकाने एकच थेंब स्क्रू जिथे नळीत शिरतो तिथे सोडा. भोवती टिश्यूचा तुकडा गुंडाळा. तेलाला आट्यांत उतरायला काही तास द्या, शक्य तर रात्रभर. घरातले खोबरेल तेल वापरू नका. ते बारीक फटीत उतरत नाही आणि हवा गार झाली की गोठते. काम झाल्यावर तेलाचा अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, आणि बोर्ड पूर्ण वाळल्यावरच वीज जोडा.

स्क्रूबरोबर नळीही फिरत असेल तर

इथे वरचे सगळे उपाय उलटे पडतात. खाली दाबले की नळी बॅकप्लेटमधून आणखी सैल होते. इथे नळीला बॅकप्लेटमध्ये घट्ट ओढून धरायचे असते. एकाने मागून बॅकप्लेट बोर्डाशी समांतर धरून ठेवावी, दुसऱ्याने कुलरचा तो कोपरा अलगद वर उचलून धरावा आणि ड्रायव्हर हलक्या दाबाने फिरवावा. नळीच्या कडेचे दाते प्लेटच्या भोकात रुतले तर ती फिरायची थांबते. मागे नळीचे टोक बाहेर आलेले दिसत असेल तर तेच पकडीने धरा. कोपरा उचलताना हिसका नको. कुलर प्रोसेसरला चिकटलेला असतो आणि एएम४ मध्ये प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून येऊ शकतो.

एवढे करूनही नळी फिरतच राहिली तर बॅकप्लेट गेली असे समजा आणि पुढचा उपाय करा. नवी बॅकप्लेट वेगळी विकत मिळते.

शेवटचा उपाय: डोके उडवणे

स्क्रू बाहेर काढण्यासाठी ड्रिल मारायचे नसते. डोके दांड्यापासून वेगळे करायला मारायचे असते. डोके उडाले की स्प्रिंग मोकळी होते, कुलर वर उचलता येतो आणि दांडा नंतर सावकाश काढता येतो.

या कामातला खरा धोका ड्रिलचा कमी आणि धातूच्या चुऱ्याचा जास्त. चुरा वीज वाहतो. त्याचा एक कण रॅमच्या खाचेत किंवा सोल्डरच्या दोन टाक्यांमध्ये राहिला तर संगणक चालू करताच शॉर्ट होऊ शकतो. म्हणून रॅम आणि सगळी कार्डे काढा. रॅमच्या आणि कार्डांच्या खाचांवर मास्किंग टेप लावा. स्क्रूच्या भोवतीचा सगळा बोर्ड प्लास्टिकने झाकून कडा टेपने बंद करा. डोळ्यांवर गॉगल घाला, कारण डोके सुटताना दबलेली स्प्रिंग उसळते.

ड्रिलचे पाते ३.५ ते ४ मिलिमीटरचे, पोलाद कापणारे घ्या. झिजलेली फुलीच पात्याला मध्यावर धरून ठेवते. वेग सर्वांत कमी ठेवा, दाब बेताचा, आणि दर काही सेकंदांनी थांबून चुरा टेपने उचला. दोन-तीन मिलिमीटर आत गेल्यावर डोके कडीसारखे सुटते. तिथेच थांबा. उलट्या दिशेने कापणारे पाते मिळाले तर आणखी चांगले, कारण पुष्कळदा त्या फिरण्यानेच स्क्रू सुटून येतो.

संपल्यावर लोखंडाचा चुरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने गोळा करा. कुलर ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याचा चुरा चुंबकाला चिकटत नाही, म्हणून नंतर चिकट टेप दाबून दाबून उचला. प्लास्टिक आतल्या बाजूला घडी घालत काढा. शेवटी टॉर्चच्या उजेडात बोर्डाचा प्रत्येक कोपरा पाहा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

कुलर निघाल्यावर उरलेला दांडा पकडीने धरून उलटा फिरवा. तोही अडला तरी काळजी नाही. एएम४ मध्ये बॅकप्लेट बोर्डाला दुसऱ्या कशानेही बांधलेली नसते, त्यामुळे ती दांड्यासकट मागून निघून येते. बोर्डापासून दूर गेली की तिच्यावर तेल, उष्णता, हातोडी काहीही चालेल. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये असे नाही. तिथे बॅकप्लेट सॉकेटच्या चौकटीला जोडलेली असते, म्हणून तिथे ड्रिलपर्यंत वेळ येऊ न देणे जास्त महत्त्वाचे.

कुलर उचलताना

स्क्रू सुटला या आनंदात कुलर सरळ वर ओढणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक ठरू शकते. एएम४ च्या प्रोसेसरला खालून १३३१ बारीक पिना असतात. कडक झालेली पेस्ट प्रोसेसरला सॉकेटचा खटका बंद असतानाही उपटून वर आणते आणि पिना वाकतात. कुलर आधी डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवा, पेस्टची पकड सुटल्याचे हाताला जाणवेल, मगच उचला. डोके उडवलेला दांडा भोकातच असेल तर कुलर फारसा फिरत नाही. अशा वेळी केस वाळवायच्या ड्रायरने कुलर गरम करून घ्या आणि अगदी थोडे हलवत हलवत काढा.

तरीही प्रोसेसर कुलरला चिकटून आलाच तर घाबरू नका. दोघांच्या फटीत दात साफ करायचा धागा घालून हलके ओढा, गरज पडल्यास कडेला आयसोप्रोपिलचे थेंब सोडा. पिना डोळ्यांच्या पातळीवर धरून प्रत्येक रांग पाहा. वाकलेली पिन ०.५ मिलिमीटरच्या मेकॅनिकल पेन्सिलीची लीड काढून तिच्या पोकळ टोकाने हळूच सरळ करता येते. परत बसवताना सॉकेटचा खटका आधी वर करा. प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावा लागला तर कुठली तरी पिन अजून वाकडी आहे.

लॅपटॉपमध्ये

लॅपटॉपचे स्क्रू बारीक असतात, सहसा पीएच ० किंवा पीएच १ टोकाचे. त्यांच्या शेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. तो स्क्रू घट्ट करायचा क्रम असतो, सोडवताना उलट क्रमाने जा. या स्क्रूंच्या आट्यांवर अनेकदा निळा नायलॉन किंवा चिकट द्रव्य लावलेले असते, ते सैल होऊ नयेत म्हणून. बॅटरीची वायर काढल्यावर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर वीस-तीस सेकंद टेकवा आणि लगेच ड्रायव्हर लावा. नायलॉन मऊ झाला की स्क्रू सुटतो. ड्रिल मात्र लॅपटॉपमध्ये घरी नकोच. मोबाइल दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात सूक्ष्मदर्शक आणि बारीक कापणारी यंत्रे असतात. तिथे न्या.

वॉरंटीत असलेल्या संगणकाला वरचे कुठलेही कापाकापीचे उपाय लावू नका. वॉरंटी संपली असेल पण हात स्थिर राहत नसेल, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत असे काम करणारे कारागीर मिळतात. देताना एवढे विचारा की ड्रिल मारण्याआधी बोर्ड झाकणार का आणि रॅम काढून ठेवणार का. या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून हाताची सवय कळते.

परत बसवताना

पुढच्या वेळी स्क्रू अडू नये याची सोय आजच करता येते. झिजलेला स्क्रू पुन्हा वापरू नका. नवा घेताना ६-३२ आट्यांचाच घ्या आणि जुन्याशी लांबी जुळवून पाहा. कॅबिनेटमध्ये सापडणारे एम३ स्क्रू जवळपास तेवढेच दिसतात, पण त्यांच्या आट्यांमधले अंतर ०.५ मिलिमीटर असते. असा स्क्रू जबरदस्तीने फिरवला की नळीचे आटे कायमचे जातात.

जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, नवी मटाराच्या दाण्याएवढी मध्यावर लावा. प्रत्येक स्क्रू आधी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने हळू फिरवा. आट्याची सुरुवात जिथे जुळते तिथे तो ‘टक’ करून किंचित खाली बसतो. तिथून सुलट फिरवायला लागा, म्हणजे आटे तिरपे धरणार नाहीत. चारही स्क्रू धरले की फुलीच्या क्रमाने एकेक फेरा द्या. स्क्रू तळाला टेकून थांबला की काम झाले. कुलरचा दाब स्प्रिंग ठरवते, तुमचे मनगट नाही, त्यामुळे त्यापुढचा जोर फक्त पुढच्या वेळची अडचण तयार करतो. विजेचा ड्रायव्हर इथे वापरू नका.

संगणक चालू केल्यावर बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचे तापमान काही मिनिटे पाहा. ते एका ठिकाणी स्थिर राहिले तर कुलर नीट बसला आहे. भराभर चढत गेले तर लगेच बंद करा: कुलर तिरपा बसला आहे किंवा पंख्याची वायर जोडायची राहिली आहे.